सरक जरा, दोन मिनिटं

आमचे भावोजी कुणाच्याही घरी गेले की आधी माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. टेबलावर लॅपटॉप उघडा असेल तर त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघतात. तिथे पत्त्याच्या पट्टीशेजारी चारदोन चिन्हं दिसली तर मान डोलावतात. काहीच दिसलं नाही तर चेहरा पडतो आणि खालच्या आवाजात विचारतात, "एकही नाही?" हे ते इतक्या कळवळ्याने विचारतात, की आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांनी एकदा गडबडून "आहे हो एक, पुण्याला असतो" असं सांगून टाकलं होतं.

भावोजींना विचारायचं असतं ते एक्स्टेन्शनबद्दल. ब्राउजरला बाहेरून जोडायच्या त्या बारक्या बारक्या सोयी. एक जाहिराती अडवतं, एक पासवर्ड लक्षात ठेवतं, एक रात्रीच्या वेळी पांढरं पान काळं करतं, एक व्हिडिओ पळवतं. तुमच्या-माझ्या लेखी ब्राउजर उघडायचा, काम करायचं, मिटायचा. भावोजींच्या लेखी कंपनीने तो अर्धवट सोडलेला असतो आणि उरलेला पुरा करायला कुणीतरी लागतं. "सरक जरा," ते म्हणतात, खुर्ची ओढतात, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसतात. "दोन मिनिटं." या दोन मिनिटांत ताईची कणीक भिजते, मुरते, पोळ्या होतात आणि डब्यात जातात.

वीज मंडळातून कनिष्ठ अभियंता म्हणून ते निवृत्त झाले, पण जोडण्याची हौस नोकरीच्याही आधीची. "कंपनीने दिलं म्हणून तसंच वापरायचं?" हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्या बजाज चेतकला कंपनीने दिलेल्या वस्तूंपेक्षा त्यांनी लावलेल्या वस्तूंचं वजन जास्त होतं. पुढे मागे गार्ड, स्टेपनीला कव्हर, पिशवी अडकवायला आकडा, आणि छत्री उभी ठेवायला स्वतः वाकवून घेतलेली एक नळी. टीव्हीला बूस्टर, फ्रिजला स्टॅबिलायझर, फ्रिजच्या डोक्यावर खिसे असलेलं कापड. सासरकडून मिळालेल्या घड्याळाचा पट्टा तर त्यांनी बोहल्यावरून उतरल्या उतरल्या बदलून घेतला. आईने तेव्हाच ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माणूस चांगला आहे, पण तुलासुद्धा काहीतरी लावून घेईल."

घरात पहिला कॉम्प्युटर आला तो इंटरनेट एक्सप्लोररचा जमाना. तेव्हा फुकट सॉफ्टवेअर उतरवलं की त्याच्यासोबत टूलबार यायचे. आपण "नेक्स्ट, नेक्स्ट" करत गेलो की एक शोधपट्टी, एक हवामानाची पट्टी, एक हसऱ्या चेहऱ्यांची पट्टी असं एकावर एक चढत जायचं आणि पान वाचायला चार बोटं जागा उरायची. भावोजींना हे बघून संताप यायचा. "ही जोडणी नव्हे," ते म्हणायचे, "हे आकडे टाकलेत." मंडळात हयात गेलेल्या माणसाच्या तोंडी याहून वाईट शिवी नाही. आजही जगातल्या सगळ्या एक्स्टेन्शनांची ते दोनच गटांत विभागणी करतात. रीतसर कनेक्शन आणि आकडे.

२००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली आणि भावोजींना आपला ब्राउजर सापडला. कुणीही ऐऱ्यागैऱ्याने त्याला काहीतरी लिहून जोडावं, अशी सोय कंपनीनेच ठेवलेली! त्या काळी मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर ज्याचा त्याचा फॉन्ट असायचा. तो आपल्याकडे नसला की मथळ्याच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि डोक्यावर टोप्या घातलेले स्वर दिसायचे. फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. ते भारतीय लिपींचे जुने फॉन्ट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. सगळे नाही, पण बरेच. भावोजींनी ते आधी स्वतःकडे लावलं, मग अख्ख्या सोसायटीत, मग रात्री जागून फोनवरून न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाकडे. पान उघडलं, टोप्या उडाल्या आणि तिकडून भाऊ मोठ्याने मथळा वाचू लागला. भावोजी इकडे डोंबिवलीत मध्यरात्री "पुढे वाच, पुढे वाच" करत होते. बातमी पाणीकपातीची होती, पण त्या आनंदात ती कुणाला खुपली नाही.

पुढे सगळेच युनिकोडवर आले आणि 'पद्म'ची गरज संपली. भावोजींची संपली नाही.

सध्या त्यांच्या ब्राउजरात अठ्ठावीस एक्स्टेन्शनं आहेत. त्यातलं एक बाकीची सत्तावीस सांभाळायला आहे. स्वतःच्या खाली माणसं असल्याशिवाय अधिकाऱ्याला चैन पडत नाही, हे खरंच.

या सगळ्यांत त्यांची भक्ती आहे ती यूब्लॉक ओरिजिनवर. ते लिहिणारा रेमंड हिल नावाचा माणूस देणग्या घेत नाही, नको म्हणून स्पष्ट लिहून ठेवलंय, हे वाचल्या दिवसापासून भावोजी त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात. त्याचा फोटो मिळाला असता तर देवघरात नाही, पण निदान मीटरच्या पेटीवर तरी लागला असता. त्या एक्स्टेन्शनच्या चिन्हावर, या पानावर किती गोष्टी अडवल्या त्याचा आकडा येतो. भावोजी तो धावफलक वाचावा तसा जाहीर करतात. ताई स्वयंपाकघरातून विचारते, "अहो, त्या पानावर दाण्याचं कूट किती सांगितलंय?" बाहेरून उत्तर येतं, "सत्तावन्न!" साबुदाण्याच्या खिचडीच्या एका पानावर सत्तावन्न नको असलेल्या गोष्टी येतात हे ऐकून माणसाने खरं तर खिचडीच सोडावी.

एवढं एक मात्र मीही मानतो. जाहिराती अडवणारं काहीतरी प्रत्येकाकडे असावं. 'डाउनलोड' असं लिहिलेल्या पाच हिरव्या बटणांपैकी चार खोटी असतात, आणि म्हातारं माणूस नेमकं त्या चारांतलं एक दाबतं. आमच्या आईचा हा प्रश्न भावोजींनी कायमचा मिटवला. आईची तक्रार आहे ती वेगळी. "त्या साड्यांच्या जाहिराती तेवढ्या राहू द्यायच्या होत्या," ती म्हणते.

२०१९ सालची ४ मे, शनिवार. सकाळी चहाच्या आधी त्यांचा फोन. "तू काही केलंस का रे?" आवाज असा, की मी खरंच क्षणभर आठवून पाहिलं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडच्या एका प्रमाणपत्राची मुदत त्या रात्री संपली होती आणि जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शनं बघता बघता बंद पडली होती. दुरुस्ती त्याच दिवशी यायला लागली, पण मधले काही तास भावोजींनी इंटरनेट जसं आहे तसं पाहिलं. कित्येक वर्षांनी. क्रिकेटचा स्कोर बघायला गेले तर अर्ध्या पडद्यावर गुडघेदुखीचं तेल, उरलेल्यात एक मोटार आपणहून सुरू होऊन गाणं म्हणतेय. "तुम्ही लोक रोज हे सहन करता?" त्यांनी मला विचारलं. त्यात टोमणा नव्हता, दुःख होतं. मग म्हणाले, "मुदत संपलेली कुणाच्या लक्षात आली नाही म्हणजे काय? आमच्याकडे असं झालं असतं तर मेमो मिळाला असता."

त्यांच्या विश्वासाला खरा तडा मात्र पुढे गेला. भावोजींना टॅब मिटवता येत नाहीत. वाचायचंय म्हणून उघडलेलं पान वाचेपर्यंत ठेवायचं, आणि वाचायला वेळ नसतो, कारण ते एक्स्टेन्शन शोधत असतात. अशा माणसांसाठी क्रोमवर 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. पडून राहिलेले टॅब ते झोपवून टाकायचं, म्हणजे मेमरी वाचायची. मूळ लेखकाने २०२० मध्ये ते दुसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने घातक ठरवून ते आपल्या दुकानातून काढलं, लोकांच्या ब्राउजरात बंदही केलं. रीतसर कनेक्शन होतं, मीटर होता, सगळं होतं, आणि मालक बदलल्यावर त्याच तारेवर आकडा पडला. भावोजी दोन दिवस गप्प होते.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला तपासणी असते. जेवण झालं की अठ्ठावीस जणांची झडती. प्रत्येकाचं पान उघडायचं, शेवटचा बदल कधी झाला, मालक तोच आहे का ते पाहायचं आणि त्याला दिलेल्या परवानग्या मोठ्याने वाचायच्या. एकदा आई तिथे सुपारी कातरत बसली होती. भावोजींनी वाचलं, "सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे." आईने अडकित्ता थांबवला. "सगळं वाचायचं? आणि बदलायचंही?" भावोजी म्हणाले, "हो, त्याशिवाय ते काम कसं करणार?" आई म्हणाली, "आमच्या घरात जावयालासुद्धा एवढी परवानगी नाही." त्या महिन्यात तीन एक्स्टेन्शनं गेली. पुढच्या महिन्यात चार आली.

कूपन शोधणारं 'हनी' असंच लागलं होतं. ताईच्या खरेदीत ते मध्येच उगवून सवलतीचे कोड लावून बघायचं. २०१९ मध्ये पेपालने ते सुमारे चार अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं, ही बातमी भावोजींनी वाचली आणि त्याच संध्याकाळी ते काढून टाकलं. "फुकट कूपन शोधून देणाऱ्याला चार अब्ज? मग पैसे कुणाचे जातायत, सांग बरं." एरवी त्यांच्या तर्कशास्त्राबद्दल मला फारसा आदर नाही, पण इथे माणूस चुकला नाही.

पासवर्डांचं त्यांनी एकदाच शिस्तीत लावून दिलं. कालनिर्णयच्या पाठीमागे ताईने लिहिलेले सगळे पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये गेले. एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. तो विसरला तर कंपनीसुद्धा सांगू शकत नाही, हे त्यांनी घरातल्या सगळ्यांना उभं करून समजावलं. "आणि तो कुठेही लिहायचा नाही!" सध्या तो कालनिर्णयच्या पाठीमागे दुधाच्या हिशोबाखाली आहे.

भावोजींची काही कृत्यं मात्र क्षमा करण्याच्या पलीकडची आहेत. व्हिडिओचा वेग बदलणारं एक एक्स्टेन्शन आहे. 'डी' दाबला की वेग चढतो, 'एस' दाबला की उतरतो. भाषणं, मुलाखती, पाककृती हे सगळं ते पावणेदोन पटीने बघतात, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण एका रविवारी त्यांनी भीमसेन जोशींच्या विलंबित ख्यालावर 'डी' दाबला. एकदा नाही, पाच वेळा. ताई गाणं शिकलेली. ती आतून ओले हात घेऊन बाहेर आली, दारात उभी राहिली आणि तबलजी धावत सुटलेला तिने ऐकला. भावोजी प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "समेवर तेच येतात बघ, फक्त लवकर." त्या दिवशी ताई माहेरी राहिली. माहेर दोन मजले खाली आहे, तरी राहिली.

आणि भाचीचा अकरावीचा अर्ज. शेवटचा दिवस, संध्याकाळची वेळ, सगळं भरून झालं आणि खाली 'मी यंत्रमानव नाही' असं सांगण्याची चौकटच दिसेना. पोरगी रडकुंडीला आली. कुणीही शहाणा माणूस दुसऱ्या ब्राउजरात गेला असता. भावोजींनी बाह्या सरसावल्या. आधी गुप्त खिडकी उघडली. तिथे परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शनं येत नाहीत. या खिडकीबद्दल ताईचं मत पहिल्यापासून वाईट आहे आणि "आता मुलीसमोरसुद्धा?" असं ती म्हणालीच. खिडकीत चौकट दिसली. म्हणजे दोष एक्स्टेन्शनचा. "मग इथेच भरा ना, बाबा!" भाची म्हणाली. "दोष सापडल्याशिवाय सप्लाय द्यायचा नसतो," बाबा म्हणाले. मग अठ्ठावीस बंद. चौदा चालू. चौकट आहे. सात आणखी चालू. चौकट गेली. त्यातली चार बंद. प्रत्येक वेळी पान नव्याने उघडायचं, प्रत्येक वेळी जन्मतारीख पुन्हा भरायची. रात्री नऊला आतल्या खोलीतून आरोळी आली, "सापडला!" कुकीची परवानगी मागणाऱ्या पाट्या उडवणारं एक एक्स्टेन्शन होतं. २०१८ च्या मे महिन्यात युरोपात खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून या पाट्या डोंबिवलीतल्या माणसालाही दिसायला लागल्या, म्हणून लावलेलं. ते बिचारं दिसेल ती चौकट उडवत सुटलं होतं, त्याने हीही उडवली. भावोजी विजयी मुद्रेने बाहेर आले तेव्हा ताईने अर्ज मोबाइलवरून भरून, पैसे भरून, पावती काढलेली होती आणि भाची नाक्यावर मैत्रिणींबरोबर शेवपुरी खात होती.

"पण दोष सापडला की नाही?" त्यांनी मला फोन करून विचारलं. सापडला, म्हटलं. त्याशिवाय ते झोपले नसते.

मधल्या काळात क्रोमने एक्स्टेन्शनांचे नियम बदलले. जुन्या पद्धतीची २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद झाली, त्यात क्रोमवरचं यूब्लॉक ओरिजिनही गेलं आणि त्याची 'लाइट' आवृत्ती तेवढी राहिली. नेमकं काय झालं ते मला त्यांनी चहाच्या कपाबशीवर समजावलं. "पूर्वी आपला लाइनमन स्वतः खांबावर चढून प्रत्येक तार बघायचा आणि जागच्या जागी ठरवायचा. आता त्याने ऑफिसात नियमांची यादी देऊन यायचं. तार तोडायची की नाही ते ऑफिस त्या यादीवरून ठरवणार." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि ऑफिस कुणाचं? तर जाहिराती विकणाऱ्याचं." त्या दिवाळीत भाऊबीजेला माझ्याकडे आले तेव्हा ओवाळणं व्हायच्या आत घरातले तिन्ही कॉम्प्युटर क्रोमवरून फायरफॉक्सवर गेले होते. माझे सगळे बुकमार्क, पासवर्ड, सगळं नीट तिकडे आलं. फक्त ब्राउजर उघडला की आता गणपतीचा फोटो आणि पनवेलचं तापमान येतं. मी पनवेलला राहत नाही. विचारलं तर म्हणाले, "बदलू की. सरक जरा."

मी सरकलो नाही. पनवेलला आज पस्तीस आहे.

हे सगळं सांगताना एक दुपार मात्र वेगळी काढून ठेवावी लागते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काही आठवडे तिला स्क्रीनचा पांढरा उजेड सोसेना. टीव्ही तिला आवडत नाही, वाचायला हवं. आम्ही सगळ्यांनी तिला "आराम कर" हा सल्ला दिला, म्हणजे काहीच केलं नाही. भावोजी दुपारी दीडला आले. डार्क रीडर लावलं. आधी पान पूर्ण काळं, अक्षरं पांढरी. "भुताटकी वाटते," आई म्हणाली. मग उलट करून उजेड कमी केला. "मळकट दिसतंय." मग त्यातली एकेक पट्टी घेतली. उजळपणा, कॉन्ट्रास्ट, सेपिया. एक टक्का इकडे, आईकडे बघायचं, एक टक्का तिकडे, पुन्हा आईकडे बघायचं. त्या दिवशी ते स्क्रीनकडे कमी आणि आईच्या कपाळावरच्या आठीकडे जास्त बघत होते. साडेचारला आठी गेली. आई काही बोलली नाही, वाचायला लागली. भावोजींनी ते आकडे खिशातल्या डायरीत टिपून ठेवले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या थेंबांच्या वेळापत्रकाखालीच ते आहेत. दोन मिनिटंसुद्धा म्हणाले नव्हते त्या दिवशी.

आतापर्यंत निदान मोबाइल सुरक्षित होते. डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्सने अँड्रॉइडवरही एक्स्टेन्शनांचं दुकान खुलं केलं आणि तोही आसरा गेला. परवा भाच्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पाहुणे जमलेले, होमकुंडाभोवती विटा रचून झालेल्या, आणि भावोजी सोवळं नेसून खिडकीत बसलेले. समोर सतरंजीवर माणसांचे अकरा मोबाइल ओळीने मांडलेले. प्रत्येकाला आधी कोपरा दाखवायचा, मग "एकही नाही?" विचारायचं, मग ओळीत ठेवायचा. गुरुजी हे बराच वेळ बघत होते. हळूच उठले, कनवटीला खोचलेला मोबाइल काढून त्यांनी बारावा ठेवला.

"आमच्या पंचांगाच्या पानावर फार जाहिराती येतात हो," गुरुजी म्हणाले. "मुहूर्ताला अजून वीस मिनिटं आहेत. तेवढ्यात होईल ना?"

"दोन मिनिटं," भावोजी म्हणाले.

ताईने आत जाऊन भाताखालचा गॅस बंद केला.